गुजरीचे भिंग आणि ७६००एक्स : ओव्हरक्लॉकिंगसाठी कोल्हापुरात जुळवलेल्या संगणकाचे वर्षभरानंतरचे परीक्षण

हे परीक्षण एका संगणकाचे आहे, आणि ओघाने तो जिथे जुळवून घेतला त्या राजारामपुरीतल्या दुकानाचेही. भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेला तेव्हा त्याने गेमिंगसाठी संगणक मागितला आणि तो ओव्हरक्लॉक करता येणाराच, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येणाराच हवा, अशी अट घातली. पैशांची बाजू बहिणीने उचलली आणि सुटे भाग निवडण्याचे काम माझ्याकडे आले. २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास यंत्र घरी आले. त्यानंतर एक थंडी, एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ दिल्यावरच मी लिहायला बसलो आहे, कारण ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्राविषयी पहिल्या आठवड्यात दिलेले मत हे घर गळते की नाही याविषयी वास्तुशांतीच्या दिवशी दिलेल्या मताइतकेच भरवशाचे असते.

हा नाद मला जुना आहे. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, बसचा (मदरबोर्डावरच्या मूळ ठोक्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की, ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे. वर एक पैसा न देता दीडपट वेग मिळे. पुढे एएमडीच्या ड्युरॉन प्रोसेसरवरचे तोडलेले पूल, म्हणजे सूक्ष्म जोड, शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडून गुणक (बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) मोकळा करण्याची युक्ती आली, तीही मी चित्रकलेच्या पेन्सिलीने करून पाहिली. कोअर २ क्वाड क्यू६६०० वर बस २६६ ची ३३३ केली की २.४ चे ३ गिगाहर्ट्झ होत. त्या काळी कंपन्या प्रोसेसरमध्ये बरीच शिल्लक ठेवीत आणि आपण ती काढून घेत असू. आता ती शिल्लक कारखान्यातच खर्च झालेली असते. भाच्यासाठी घेतलेला एएमडीचा रायझन ५ ७६००एक्स डब्यातून काढून बसवला की स्वतःहूनच ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, आणि त्यावर हाताने शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ मिळाले तरी पुष्कळ. त्यामुळे आज ओव्हरक्लॉकिंगसाठी भाग निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की हा वेग नेमका कुठे अडतो. तो अडतो उष्णतेपाशी, डळमळीत वीजपुरवठ्यापाशी आणि रॅमच्या दिरंगाईपाशी. पैसे तिथेच घालायचे असतात, आणि नेमके हेच भाग बाहेरून दिसत नाहीत.

बाहेरून दिसणाऱ्या भागांचा अनुभव आम्हाला पहिल्याच दुकानात आला. राजारामपुरीला जाण्याआधी आम्ही शहरातल्या दुसऱ्या एका दुकानातून कोटेशन घेतले होते. त्यात प्रोसेसर ७६००एक्सच होता, पण ट्रे पीस, म्हणजे कंपनीच्या डब्याविना. मदरबोर्ड ए६२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप). एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ‘६०० वॉट’ एवढेच लिहिलेला, मॉडेलचा पत्ता नसलेला. आणि समोर अखंड काच असलेले, सहा रंगीत पंख्यांचे कॅबिनेट. भाचा त्या कॅबिनेटसमोर चांगलाच रेंगाळला. “मामा, रात्री काय दिसंल हे!” हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण ए६२० वर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग एएमडीनेच बंद ठेवलेले आहे, ही गोष्ट कोटेशन देणाऱ्याला एक तर ठाऊक नव्हती किंवा सांगायची नव्हती. एक्स अक्षराचे जादा पैसे मोजून तो प्रोसेसर ए६२० वर बसवणे म्हणजे रेसची मोटारसायकल घेऊन महाद्वार रोडवर दिवाळीच्या गर्दीत फिरवण्यासारखे आहे. आम्ही कोटेशन खिशात घालून बाहेर पडलो.

प्रोसेसर निवडताना इंटेलचा विचार मी मनापासून केला, कारण हाताने वेग वाढवण्याची हौस तिथे अजून अधिक भागते. मात्र त्यासाठी के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड अशी दोन्हींची किंमत मोजावी लागते. बी७६० सारख्या बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. शिवाय २०२४ मध्येच १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने मान्य केले, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणा आली हे चांगलेच झाले, पण जे यंत्र शिकणाऱ्या हातात जाणार आहे आणि ज्याचे व्होल्टेज तो हात रोज बदलणार आहे, त्यासाठी मला तो धोका नको होता. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेटही (प्रोसेसर बसवण्याची बोर्डावरची जागा) आपल्या शेवटच्या पिढीत पोहोचले होते, तर एएम५ या आपल्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्याला केवळ गेममध्ये जास्तीत जास्त फ्रेम हव्या आहेत आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरण्याची हौस नाही, त्याने हे परीक्षण इथेच थांबवून ७८००एक्स३डी घ्यावा. त्याच्यावरची ९६ मेगाबाइटची एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट स्मृती) गेममध्ये जेवढा फरक पाडते, तेवढा फरक ७६००एक्ससारख्या सहा कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र गणक) साध्या प्रोसेसरला कितीही पिळून काढता येणार नाही. पण त्या प्रोसेसरचा गुणक बंद आहे, त्याची किंमत ७६००एक्सच्या दुपटीच्या घरात होती आणि भाच्याला शिकायचे होते. आमच्या खरेदीनंतर महिन्याभरातच गुणक मोकळा असलेला ९८००एक्स३डी बाजारात आला आणि भाचा दोन दिवस तोंड पाडून बसला. त्याची किंमत पाहिल्यावर मात्र त्याची समजूत आपोआप पटली.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा घेतला. दुकानदाराने आधी एक्स६७० दाखवला होता. पण एक्स६७० म्हणजे तीच चिप दोन वेळा बसवलेली असते, त्यातून पोर्ट आणि लेन (उपकरणे जोडण्याच्या वाटा) वाढतात, ओव्हरक्लॉकिंगची मोकळीक दोन्हींवर सारखीच मिळते. पाहायचे असते ते प्रोसेसरला वीज पोहोचवणाऱ्या व्हीआरएमकडे. एसएमपीएसमधून येतात १२ व्होल्ट आणि प्रोसेसरला लागतात साधारण एक ते सव्वा व्होल्ट. १२० वॉट जर १.२ व्होल्टने पोहोचवायचे असतील तर प्रवाह १०० अँपिअर होतो. आपल्या घरच्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, यावरून अंदाज यावा. हे काम सॉकेटच्या शेजारी ओळीने बसवलेले पॉवर स्टेज वाटून घेतात आणि त्यात स्वतः तापतात. सहा कोअरच्या प्रोसेसरला साधा बी६५० बोर्डही पुरतो, हे मला माहीत होते. तरीही व्हीआरएमवर खरेखुरे जाड ॲल्युमिनियमचे हीटसिंक असलेला बोर्ड मी जाणूनबुजून घेतला, कारण याच सॉकेटमध्ये उद्या सोळा कोअरचा प्रोसेसर बसू शकतो आणि कॅबिनेटचा तो वरचा मागचा कोपरा एप्रिलमध्ये कसा तापतो ते मी जाणतो. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येण्याचे बटण या बोर्डाच्या मागे आहे. ज्याला बायोसशी खेळायचे आहे त्याने या बटणाशिवाय बोर्ड घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता भिंगाविषयी. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला नसतात. त्या मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एकूण १७१८, केसासारख्या बारीक आणि एका बाजूला कललेल्या. त्यातली एक जरी वाकली तरी कधी रॅमचा एक स्लॉट दिसेनासा होतो, कधी यंत्र उठतच नाही, आणि वाकलेल्या पिनेवर वॉरंटी मिळवणे जवळपास अशक्य असते. गुजरीत माझ्या एका मित्राचे सराफी दुकान आहे. त्याचे हिरे पाहण्याचे दहापट मोठे दाखवणारे भिंग मी मागून आणले होते. दुकानदाराने झाकण उचलल्यावर मी मोबाइलचा दिवा बाजूने तिरपा धरून ओळीने पिना पाहिल्या. सरळ रांगांवर प्रकाश एकसारखा चमकतो आणि वाकलेली पिन त्या चमकेत खंड पाडते. पहिल्या बोर्डात डाव्या कोपऱ्याजवळ असा एक खंड दिसला. दुकानदाराने स्वतः भिंगातून पाहिले, काही न बोलता झाकण परत लावले आणि दुसरा सीलबंद बोर्ड काढला. या एका कृतीसाठी मी त्या दुकानाला पूर्ण गुण देतो. बहुतेक ठिकाणी “सर, कंपनीचा माल आहे, काही होत नाही” एवढ्यावर विषय मिटवतात.

रॅमबाबत लोकांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडे थांबतो. डब्यावरचा मोठा आकडा म्हणजे वेग आणि त्याच्या शेजारचा लहान आकडा, सीएल, म्हणजे मागणी केल्यापासून पहिला शब्द हाती येईपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या. सीएलला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की ही दिरंगाई नॅनोसेकंदांत मिळते. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० सीएल४० म्हणजे १३.३, आणि काहीच न बदलता बहुतेक डीडीआर५ रॅम ज्या ४८०० सीएल४० वर उठते ते १६.७ नॅनोसेकंद. सीएल३० आणि सीएल४० च्या किमतीत आम्हाला फार थोडा फरक दिसला आणि तो देण्यासारखा होता. याउलट ७२०० चा संच घेऊन मिरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ७००० मालिकेतल्या रायझनचा रॅम कंट्रोलर साधारण ६०००-६४०० पर्यंतच रॅमच्या बरोबरीने चालतो. त्यापुढे तो निम्म्या वेगावर उतरतो आणि वाढलेल्या आकड्याचा फायदा बराचसा तिथेच जिरतो. आम्ही १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. चार पट्ट्या दिसायला भरगच्च दिसतात, पण एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० असा आहे. दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच बसवायच्या.

कूलर डीपकूलचा एके६२० घेतला, दोन मनोऱ्यांचा, सहा उष्णतानलिकांचा आणि दोन १२० मिलिमीटर पंख्यांचा. भाच्याचा कल लिक्विड कूलरकडे होता आणि मी त्याला नाही म्हटले, त्याचे कारण पैशांपेक्षा हवामानाचे आहे. हवेचा कूलर असो वा पाण्याचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. खोलीच्या तापमानात तो आपली वाढ मिळवतो, एवढेच. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३६-३७ अंश सहज असतात. त्यातून ७६००एक्सची गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या आतली कोअरची चकती सुमारे ७० चौरस मिलिमीटरची, अंगठ्याच्या नखाहून लहान. सगळी उष्णता तेवढ्या जागेतून जाड झाकणावाटे बाहेर यायची असते, त्यामुळे अडचण होते ती झाकणाखालीच, आणि वर कितीही महागडा रेडिएटर बसवला तरी पडणारा फरक मोजकाच असतो. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत पोहोचून तिथे स्वतःला सांभाळत चालेल असाच बनवलेला आहे, हे माहीत नसलेली मंडळी पहिल्या दिवशीच दुकानात परत धावतात. लिक्विड कूलरमधला पंप हा झिजणारा भाग आहे. एके६२० मध्ये झिजतील ते पंखे, आणि ते कोणत्याही दुकानात मिळतात.

कॅबिनेट समोर पूर्ण जाळी असलेले घेतले : समोरून आत तीन पंखे, मागे बाहेर एक. खंडेनवमीला बहिणीने इतर हत्यारांबरोबर त्याचीही पूजा केली आणि जाळीवर झेंडूची माळ लावली. संध्याकाळी भाच्याने गेम सुरू केला तशी समोरच्या पंख्यांनी पाकळ्या ओढून गाळणीवर चिकटवल्या. पूजेतला हा गोंधळ माझ्या मात्र उपयोगी पडला, कारण उदबत्ती हाताशीच होती. ती समोर धरली तर धूर आत गेला. मागच्या पंख्याशी धरली तर तोही आतच गेला. दुकानातल्या मुलाने मागचा पंखा उलटा बसवला होता, आणि गरम हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. चार स्क्रू काढून पंखा फिरवला, तेव्हा भार असताना ग्राफिक्स कार्डाचे तापमान चार अंशांनी उतरले.

एसएमपीएस ७५० वॉटचा, ८० प्लस गोल्डचा, एटीएक्स ३.० प्रमाणाचा आहे. हिशेबाने पाहिले तर ७६००एक्स जास्तीत जास्त १४२ वॉट ओढतो, आमचे ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर २२० वॉट, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ. म्हणजे ६५० वॉटचाही पुरला असता. पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या मर्यादेच्या बरेच वर उसळी घेते, आणि ती उसळी पचवण्याची परीक्षा एटीएक्स ३.० मध्ये धरलेली आहे. गोल्ड हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. व्होल्टेज किती स्थिर राहते, संरक्षणाची मंडले कशी आहेत, हे त्यावरून कळत नाही, म्हणून मॉडेलचे नाव पाहून चाचण्या वाचल्याखेरीज एसएमपीएस घेऊ नये. तालमीतला पैलवान खुराकावर जोर धरतो. या यंत्राचा खुराक हाच आहे, आणि नेमकी इथेच लोक काटकसर करतात.

एसएमपीएस कितीही चांगला असला तरी भिंतीतून येणारी वीज आपल्या घरची असते. बहिणीचे घर शिवाजी पेठेतले, जुने. पहिल्याच रात्री भाच्याचा फोन आला की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मल्टिमीटर घेऊन गेलो. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास आकडा यायला हवा, तिथे तो ९० च्या घरात डोलत होता; प्लगला तिसरे भोक होते, पण त्यामागे तारच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतील कपॅसिटर थोडी गळती अर्थकडे सोडतात, आणि अर्थच नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते. वायरमन बोलावून अंगणात मीठ-कोळशाचा खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केले, तेव्हा झिणझिण्या गेल्या. ओव्हरक्लॉकिंगच्या कोणत्याही यादीत हा खर्च नसतो. पेठांमधल्या जुन्या घरांत तो पहिल्या ओळीत हवा. यूपीएस १५०० व्हीएचा घेतला. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो आणि गेम चालू असताना लाइट गेली तर तो शिट्टी मारून मान टाकतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फार लिहीत नाही. एनव्हिडियाने व्होल्टेजला वरून कुलूप घातलेले आहे, त्यामुळे तीन पंख्यांच्या, ‘ओसी’ लिहिलेल्या महाग आवृत्तीतून वेगाची फारशी भर पडत नाही; साधी दोन पंख्यांची आवृत्ती घ्यावी. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची रेघ खाली ओढून आम्ही ते ९७५ मिलिव्होल्टवर २७०० मेगाहर्ट्झला बांधले. वेग जवळपास तोच राहिला आणि सुमारे ३० वॉट वाचले. सोळा पिनांची केबल पूर्ण आत जाऊन खटका वाजेपर्यंत दाबायची, एवढे मात्र विसरू नये.

दुकानाविषयी उरलेले. सीरियल नंबर टाकून जीएसटीचे पक्के बिल मिळाले. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही दुकानदाराने आपणहून सांगितले. ही सचोटी मला आवडली. जुळणी आमच्यासमोर झाली, कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक मुलाने आठवणीने काढले. पहिल्यांदा यंत्र सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, दोन मिनिटे, तीन मिनिटे. भाच्याचा चेहरा उतरला आणि दुकानातल्या मुलाचा हात पॉवरच्या बटणाकडे गेला. दुकानदार काउंटरमागून ओरडला, “हात लावू नकोस, रॅम शिकायला लागलीया!” डीडीआर५ चा कंट्रोलर पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेताना इतका वेळ खातोच. साडेचार मिनिटांनी चित्र आले. पण तक्रारीही आहेत. उलट्या पंख्याचे सांगितलेच. शिवाय ६००० ची रॅम ४८०० वरच ठेवून यंत्र आमच्या हाती दिले गेले. बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या डब्यावरच्या वेगावर नेणारी सोय, सुरू करणे हे एका मिनिटाचे काम आहे आणि जुळणीचे १५०० रुपये घेणाऱ्याने ते करायला हवे. चाचणी म्हणून यूट्यूबवरचा एक व्हिडिओ लावून दाखवला, तिला चाचणी म्हणता येत नाही.

पुढचे काम घरी केले. एक्स्पो सुरू केल्यावर पहिल्यांदा एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम कंट्रोलरकडे जाणारे) पाहिले, कारण २०२३ मध्ये हेच व्होल्टेज बोर्डांनी जास्त चढवल्यामुळे काही रायझन ७००० जळाले होते आणि एएमडीला त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली होती. आम्ही ते हाताने १.२ वर ठेवले. मग पीबीओ या एएमडीच्या ओव्हरक्लॉकिंगच्या सोयीतला कर्व्ह ऑप्टिमायझर. यात प्रत्येक कोअरला कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा कमी व्होल्टेजवर चालवायचे असते. एक पायरी म्हणजे तीन ते पाच मिलिव्होल्ट. व्होल्टेज उतरले की उष्णता उतरते, आणि उष्णता उतरली की प्रोसेसर आपणहून वेग चढवतो. भाच्याने पहिल्याच दिवशी सगळ्या कोअरना उणे ३० दिले, सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटे चालली आणि गडी खूश झाला. दुसऱ्या दिवशी तो टंकन करत असताना यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा उठले. ही खोड समजून घेण्यासारखी आहे : पूर्ण भारावर वेग खाली असतो, म्हणून तिथे सगळे तगते; हलक्या कामात एकच कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो आणि कमी पडलेले व्होल्टेज तिथे उघडे पडते. जे कोअर कारखान्याच्या मते सर्वांत चांगले, तेच सर्वांत कमी उणे सहन करतात. शेवटी दोन कोअर उणे १५ वर, बाकीचे उणे २५ वर स्थिरावले. सिनेबेंचचा आकडा सुमारे १५,००० वरून साडेपंधरा हजारांच्या आसपास गेला आणि तापमान सहा-सात अंशांनी खाली आले. गेममध्ये त्याहून जास्त फरक रॅमने पाडला : सरासरी फ्रेम थोड्याच वाढल्या, पण मध्येच बसणारे हिसके स्पष्ट कमी झाले.

त्या रॅमनेच एप्रिलमध्ये आम्हाला धडा शिकवला. डिसेंबरच्या थंडीत भाच्याने रॅमचा टीआरईएफआय हा आकडा ६५,५३५ पर्यंत चढवला होता. रॅमची प्रत्येक पेशी म्हणजे एक गळका कपॅसिटर. त्यातला भार ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो, आणि हा आकडा वाढवला की ते भरणे लांबते व मधल्या वेळात रॅम काम करते. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवले, एकही चूक नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गेम उतरवून घेताना फाइल पुन्हा पुन्हा खराब निघू लागली. भाच्याने इंटरनेटवाल्याला दोन फोन केले, तिसऱ्यांदा मला केला. खोलीत ३७ अंश, रॅमच्या पट्ट्या ५८ अंशांवर. कपॅसिटर गरम झाला की त्याची गळती वाढते, आणि डिसेंबरात पुरणारी उसंत एप्रिलमध्ये पुरत नाही. मेमटेस्ट लावले तर चाळीस मिनिटांत लाल ओळी दिसू लागल्या. आकडा निम्म्यावर आणला, प्रोसेसरची मर्यादा १४२ वरून १०० वॉट केली, आणि तेव्हापासून चूक नाही. गेममध्ये १०० वॉटच्या मर्यादेचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. पावसाळ्यात खोली २६ अंशांवर आल्यावर भाचा पुन्हा तो आकडा चढवायला निघाला होता. मी त्याला दोन वेगळी प्रोफाइल बायोसमध्ये जतन करायला लावली, एक हिवाळ्याचे आणि एक उन्हाळ्याचे.

सगळा खर्च, अर्थिंग आणि यूपीएस सोडून, १ लाख ३१ हजार झाला. त्यातले जवळपास साठ हजार ग्राफिक्स कार्डाचे. एसएसडी १ टीबीचा घेतला, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. दर बदलत राहतात, म्हणून प्रत्येक भागाचा भाव देत नाही. प्रमाण मात्र पाहावे : बोर्ड, कूलर, कॅबिनेट आणि एसएमपीएस या न मिरवणाऱ्या चौघांवर मिळून साडेचौतीस हजार गेले, आणि पहिल्या दुकानाच्या कोटेशनमध्ये याच चौघांसाठी निम्मेही धरले नव्हते. पहिल्या कोटेशनमध्ये जे वाचले होते, ते त्या सहा रंगीत पंख्यांच्या शेजारी मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या रूपाने मांडले होते, आणि गिऱ्हाईक तेच पाहते हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

गेल्या महिन्यात थर्मल पेस्ट आणायला राजारामपुरीतल्या त्या दुकानात पुन्हा गेलो होतो. एक गिऱ्हाईक बोर्ड घेत होते. दुकानदाराने झाकण उचलले, ड्रॉवरमधून स्वतःचे भिंग काढले आणि मोबाइलचा दिवा तिरपा धरला. गुजरीतून साडेतीनशेला घेतले म्हणाला. मागचा पंखा कोणत्या बाजूने बसवतोस, एवढे मी त्या मुलाला विचारून घेतले.